पाळी थांबलीये पण वजन नॉर्मल आहे, व्यायाम खरंच कमी करायला हवा का?

पळती_भुई:
प्रश्न जरा पर्सनल आहे पण इथे विचारणं सोपं वाटतंय. वय २६, रोज सकाळी पळते आणि संध्याकाळी वेट्स. गेले बरेच महिने पाळी आलेली नाही, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी वजन बघितलं, नॉर्मल आहे म्हणाले, स्ट्रेस असेल, आणि पाळी रेग्युलर करायला हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या अजून सुरू केल्या नाहीयेत. आई मागे लागलीये की ते पळणं बंद कर आधी. मला नाही पटत, व्यायामाने कधी कुणाचं वाईट झालंय का? ऑफिसमध्ये तर सगळे माझंच उदाहरण देतात. खाणं पण नीट आहे, फक्त क्लीन खाते, आणि ज्या दिवशी पळणं होत नाही त्या दिवशी थोडं कमी, ते लॉजिकलच आहे ना. नडगीत एका ठिकाणी दुखतंय मधूनमधून, त्यावर टेप लावते. तर विचारायचं एवढंच की गोळ्या सुरू करू का, आणि व्यायाम कमी न करता पाळी परत आणायचा काही मार्ग आहे का?

लोखंडी:
टेन्शन नको घेऊस. बॉडी फॅट कमी झालं की होतं असं, अ‍ॅथलीट मुलींमध्ये कॉमन आहे. उलट ट्रेनिंग लागू पडतंय म्हणायचं 💪

माऊची_आई:
लोखंडी, कॉमन आहे म्हणजे चालतं असं नाही हो. पळती_भुई, तू पाळीबद्दल विचारलंस पण माझं लक्ष दुसऱ्याच वाक्याकडे गेलं, पळणं नाही झालं तर जेवण कमी. आणि दुखऱ्या पायावर टेप लावून पळतेस. एक दिवस सुट्टी घेतलीस तर काय होतं गं?

टेपवाली_फिजिओ:
मी फिजिओ आहे, इथे बसून डायग्नोसिस करणार नाही, पण काही गोष्टी बोलायलाच हव्यात.

पाळी जाते ती बॉडी फॅट अमुक टक्क्यांच्या खाली गेलं म्हणून, ही समजूत जुनी आहे. व्यायामात खर्च होऊन बाकीच्या शरीरासाठी किती एनर्जी उरते त्यावर ते ठरतं. कमी उरली की शरीर महिन्याचं बजेट कोसळलेल्या घरासारखं वागतं, ज्याच्यावाचून आज अडत नाही तो खर्च आधी बंद, आणि मूल होणं ही शरीराच्या लेखी आज न अडणारी गोष्ट. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून जाणारे सिग्नल मंदावतात, एलएच आणि एफएसएच (अंडाशयाला काम करायला सांगणारे हार्मोन) घटतात, ओव्ह्युलेशन म्हणजे बीज बाहेर पडणं थांबतं, इस्ट्रोजेन पडतं. वजन मात्र जिथल्या तिथे राहू शकतं, कारण शरीर बाकीचा खर्चही आवळून घेतं. म्हणून नुसता वजनकाटा बघून सगळं ठीक आहे म्हणणं बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला रेड-एस (खेळात एनर्जी कमी पडल्याने होणारा त्रास) असं नाव दिलं, आणि ते फक्त मेडल जिंकणाऱ्यांना होतं असं अजिबात नाही.

इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडांचं नुकसान, तेही अशा वयात जेव्हा हाडं भक्कम होऊन राहायला हवीत. त्यामुळे त्या नडगीचं मला जास्त टेन्शन आलंय. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर नाही ना हे बघायला हवं, सुरुवातीला एक्सरेत ते दिसत नाही बऱ्याचदा, एमआरआय लागतो. तोवर पळणं बंद. टेपने हाड जुळत नाही.

गोळ्यांचं म्हणशील तर त्याने ब्लीडिंग येईल, पण ती तुझी स्वतःची पाळी नव्हे, गोळ्या थांबवल्यावर येणारं ब्लीडिंग ते. मूळ कारण तसंच राहतं आणि हाडं सावरण्यासाठीही फक्त त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. वर खरी पाळी परत आली की नाही हे कळायचा रस्ताच बंद. गायनॅक किंवा एंडोक्राइनोलॉजिस्टशी (हार्मोनचे डॉक्टर) बोलून मगच ठरव.

पळती_भुई:
थँक्स, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. पण तुम्ही सगळे मला ॲनोरेक्सिया असल्यासारखं बोलताय, मी बारीक पण नाहीये आणि उपाशी पण राहत नाही. सुट्टीचं म्हणाल तर चिडचिड होते, दिवसभर डोक्यात तेच, रात्री झोपायच्या आधी जिना चढउतर करून कोटा पूर्ण करते. पण शिस्त म्हणजे हेच ना?

शांत_वादळ:
मी यातून गेलेय आणि ट्रीटमेंट घेतलीये म्हणून लिहितेय. (आधीच सांगते, इथे कुणी वजनाचे, कॅलरीचे आकडे टाकू नका प्लीज, वाचणाऱ्यांतल्या काहीजणी त्याच्याशी लगेच तुलना सुरू करतात.)

तू विचारलंस व्यायाम कमी न करता पाळी येईल का. कागदावर उत्तर हो असं आहे. १९९८ मध्ये अ‍ॅन लाउक्स आणि सहकाऱ्यांनी व्यायाम करणाऱ्या बायकांवर अभ्यास केला होता, त्यात एलएचची लय बिघडली ती व्यायामाच्या ताणामुळे नाही, उरलेली एनर्जी कमी पडल्यामुळे. म्हणजे व्यायाम तेवढाच ठेवून खाणं भरपूर वाढवलं तरी जमू शकतं. आता हे वाचून तुला सुटल्यासारखं वाटलं का पोटात गोळा आला? गोळा आला असेल तर प्रश्न पळण्याचा नाहीच.

शिस्तवाला माणूस ताप आला की झोपतो आणि बरं वाटल्यावर परत सुरू करतो, त्याला अपराधी वाटत नाही. दुखण्यावर पळणं, न पळल्याची शिक्षा म्हणून कमी जेवणं, लपूनछपून जिने चढणं, याला डॉक्टर कम्पल्सिव्ह एक्सरसाइज म्हणतात, आणि त्यासाठी बारीक असावं लागत नाही. ॲनोरेक्सियाच्या निदानातली पाळी बंद असण्याची अट पण डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) २०१३ साली काढून टाकली. नाव कुठलं लागेल ते त्यांना ठरवू दे, तू नावाशी भांडत बसू नकोस.

आणि ते दिवसभर डोक्यात खाणं-व्यायाम चालू असणं, तो तुझा स्वभाव असेलच असं नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, एकेक घास तासन् तास पुरवायचे, चिडके झाले. आधी असं काहीच नव्हतं त्यांना. अर्धपोटी मेंदू असाच चालतो.

माऊची_आई:
कौतुक करणाऱ्या ऑफिसवाल्यांचं काय करायचं हा वेगळाच विषय आहे. बारीक झालीस की "काय मेन्टेन केलंय", जरा भरलीस की टोमणे. तुझी आई एकटीच बरोबर बोलतेय त्यात, तिला बरोबर घेऊन जा डॉक्टरांकडे.

लोखंडी:
फिजिओताई, मला हे गोळ्यांचं माहीत नव्हतं. जिममध्ये दोघीतिघी आहेत अशा.

पळती_भुई:
पोटात गोळाच आला. नडगीसाठी उद्या ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतलीये. गायनॅककडे गेल्यावर नेमकं काय बोलू, मागच्या वेळी दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं.

शांत_वादळ:
कागदावर लिहून ने नाहीतर तिथे गेल्यावर "थोडा व्यायाम करते" असंच निघेल तोंडातून. शेवटची पाळी कधी, आठवड्याला एकूण किती व्यायाम, सुट्टी घेतली की काय होतं, कुठले पदार्थ बंद केलेस, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या असलं काही असेल तर तेही, लाजू नकोस. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकी हार्मोन बघतील कारण पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनची गडबड) वगैरे इतर कारणंही असतात, आणि पाळी नसून सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर बोन डेन्सिटीचं विचार. शिवाय सायकायट्रिस्ट किंवा सायकॉलॉजिस्ट आणि ईटिंग डिसऑर्डर समजणारी डाएटिशियन, यांच्याशिवाय माझं तरी काही हललं नव्हतं. चक्कर येऊन पडलीस, छातीत धडधडलं किंवा नाडी फार मंद वाटली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

टेपवाली_फिजिओ:
एक राहिलं. पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नकोस, पहिली पाळी परत यायच्या आधीच ओव्ह्युलेशन होऊन जाऊ शकतं.