मदत हवी आहे: कर्णबधिर भावाचा पोलीस जबाब, दुभाषी म्हणून मी बसू का?

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुक्रवारी सकाळी पोलीस स्टेशनला जायचंय.

माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. (कृपया 'मूकबधिर' लिहू नका. मुका तर तो अजिबात नाही, भांडायला लागला की दोन हात कमी पडतात.) फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतो. चार महिन्यांची मजुरी, ३८,००० रुपये, थकली होती. मागायला गेला तर मालकाशी झटापट झाली, आणि मालकाने आधी जाऊन तक्रार दिली की दादानेच मारलं. मी तेव्हा पुण्यात होते. पोलिसांनी दादाला बोलावलं आणि 'याच्या खुणा समजतात' म्हणून कारखान्यातलाच एक पोरगा शेजारी बसवला. म्हणजे मालकाच्या पगारावरचा!

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला जबाब वाचून दाखवला. त्यात होतं, "मी त्यांच्या कपाळावर मारले." दादाला विचारलं तर तो चक्रावलाच. कपाळावर दोन बोटं घासणं हे त्या मालकाचं नाव आहे. त्याच्या कपाळावर जुनी खोक आहे, म्हणून दादाच्या मित्रांनी त्याला ते नाव पाडलंय. दरवेळी बोटांनी अक्षरं कोण जुळवत बसणार? दादा नुसतं मालकाचं नाव घेत होता, आणि कागदावर तो मार झाला.

ढकलाढकलीचंही तेच. साइनमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत, 'ने' आणि 'ला' वेगळे लावत नाहीत. हात कुणाकडून निघाला आणि कुणाकडे गेला यावरून कोणी कोणाला ते कळतं. दादा म्हणतो, माझा हात माझ्या छातीकडे आला होता. लिहिताना उलटा गेला. वर हवालदार म्हणतात, "प्रत्येक वाक्याला मान हलवली की त्याने." अहो, तो मान हलवतो ती 'बघतोय, पुढे सांग' अशी!

लिहून का नाही विचारलं, असं कोणी विचारेल. तो सातवीपर्यंत शिकलाय. त्याच्या शाळेत ओठ वाचायला आणि शब्द उच्चारायला शिकवायचे. साइन पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांकडून शिकली. मराठी वाक्य त्याला परक्या भाषेसारखं वाटतं. सही मात्र झोकात करतो, आणि तीच आता नडतेय.

हवालदार माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, चूक झाली असेल तर पुन्हा घेऊ. तुम्हीच बसा." मला त्याच्या खुणा येतात हे खरं, पण माझ्या खुणा घरच्या आहेत: भाकरी, ताप, मामा आले, लाइट गेली. 'उचल', 'धमकी', 'हिशोब चुकता' यांसाठी आमच्यात नेमकी खूण नाही, मी अंदाजाने पुढे ढकलते. शिवाय मी बहीण. उद्या कोर्टात कोणी म्हणालं, बहिणीनेच पढवलं, तर?

मी बसू की नको? नको तर दुभाषी कुठून आणायचा? आणि आधीच्या जबाबाचं काय होणार?

प्रतिसाद (फौजदारी वकिली करतो)

ताई, बसू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग हा निकाल वकिलाला दाखवा. त्यात कर्णबधिर साक्षीदाराच्या खुणा तिच्या वडिलांनीच सांगितल्या होत्या. कोर्ट म्हणालं, दुभाषी त्याच परिसरातला असावा, पण प्रकरणात त्याचा हितसंबंध नको, त्याला शपथ द्यावी, आणि नुसता अर्थ न नोंदवता खुणा नोंदवाव्यात. त्या खटल्यात आरोपीची सुटका कायम राहिली. तो प्रसंग साक्षीचा होता, पण मुद्दा तुम्हाला लागू आहे. आणि तो कारखान्यातल्या पोराला तर तुमच्याहून जास्त लागू आहे.

आजच अर्ज द्या: आधीचा जबाब हितसंबंध असलेल्या माणसामार्फत घेतला, म्हणून दुभाष्यासमोर पुरवणी जबाब घ्यावा आणि चित्रीकरण करावं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १८० मध्ये चित्रीकरणाची मुभा आहे, सक्ती नाही, म्हणून लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १२ अर्जात घाला. ते तपास करणाऱ्या यंत्रणेलाही लागू आहे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

नेटवर लोक 'दुभाषी सक्तीचाच' म्हणून त्याच संहितेचं कलम १७३ दाखवतील. ते ठरावीक लैंगिक वगैरे गुन्ह्यांतल्या पीडितेच्या फिर्यादीपुरतं आहे, तुमच्या कामाचं नाही.

हातात नोटीस कोणती दिलीय ते सांगा. साक्षीदार म्हणून असेल तर कलम १७९ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. कलम ३५(३) ची, म्हणजे संशयित म्हणून हजर राहा अशी, असेल तर जावं लागतं, पण आधी वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

प्रतिसाद (आईबाबा दोघंही कर्णबधिर)

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत फोन करा, तिथे साइन दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. दुभाषी मिळाला की जबाबाआधी अर्धा तास दादाशी नुसत्या गप्पा मारू द्या. नावांच्या खुणा तिथेच कळतात, नाहीतर तोही कपाळावर अडकेल. हवालदारांना सांगा, दादाकडे बघून विचारा, दुभाष्याकडे नाही. "समजलं का?" हा प्रश्न बाद, "काय समजलं ते सांग" असं विचारा. आणि दादाला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, समोरच्याचे हात काळे दिसतात.

धागाकर्ती

दोघांचे आभार. अर्ज दिला, पोच मिळाली, शुक्रवारचं आठ दिवसांनी पुढे गेलं. नोटीस ३५(३) चीच आहे, विधी सेवेत उद्या जातेय. दादाला सगळं सांगितलं तर म्हणतो, मजुरीचं कोणीच का लिहीत नाही? तोही मुद्दा पुरवणी जबाबात येईल ना? सांगली-कोल्हापूरकडे पदविका झालेले कोणी दुभाषी माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.