महाविद्यालयासाठी नवी अध्यापन-प्रणाली घेताना काय पारखावे?

प्रश्न (वाणिज्य विभाग, इंदूर)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात पुढील सत्रापासून अध्यापनासाठी एखादी ऑनलाइन प्रणाली घेण्याचे घाटत असून खरेदी समितीत माझेही नाव आहे. कंपनीच्या प्रात्यक्षिकात हजेरी, चाचण्या, गुणदान आणि विद्यार्थ्यांचे लक्ष किती आहे हे दाखवणारा आलेखसुद्धा होता. परंतु आमचे बरेच विद्यार्थी देवास, महू, सांवेरहून रोज ये-जा करतात. त्यांच्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे, आणि त्यावरचा दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. अशा वर्गासाठी प्रणाली पारखावी कशी?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, संगणकशास्त्र)

मॅडम, वैशिष्ट्यांची यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि प्रत्येक विभागाकडून त्याची नेमकी अडचण एका वाक्यात लिहून घ्यावी, कारण पुष्कळदा ती सोडवायला एवढ्या खर्चाची गरजच नसते. कोणाला काय समजले नाही हे तासाला कळत नसेल, तर प्लिकर्स पाहावे. विद्यार्थ्याच्या हातात चौकोनी छापील कार्ड असते आणि त्याच्या चार बाजूंना चार पर्याय असतात. निवडलेल्या पर्यायाची बाजू वर करून तो कार्ड धरतो, शिक्षक आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि उत्तरे नोंदली जातात. मुलांच्या फोनची गरजच पडत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून रुजवलेल्या पद्धतीतही प्रश्न, शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा तोच प्रश्न हा क्रम महत्त्वाचा होता, मोजण्याचे साधन दुय्यम.

अडचण स्वाध्याय आणि चाचण्यांची असेल, तर २००२ पासून चालत आलेले मूडल हे अध्यापन-सॉफ्टवेअर आहे. त्याला परवाना शुल्क नाही, पण म्हणून ते फुकट पडते असे नव्हे. सर्व्हर, बॅकअप आणि नव्या आवृत्त्या सांभाळायला एक जबाबदार माणूस लागतो. त्याच्या मोबाइल ॲपवर पाठ्यसामग्री आधी उतरवून ठेवता येते आणि शिक्षकाने मुभा दिली असल्यास चाचणीही नेटवर्कशिवाय सोडवता येते. आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा मुद्दा निर्णायक ठरावा.

उत्तर २ (परीक्षा विभागात काम केलेले एक वाचक)

सरांशी सहमत आहे, फक्त करारनामा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिला प्रश्न बाहेर पडण्याचा: करार संपल्यावर गुणपत्रके आणि प्रश्नपेढी दुसऱ्या प्रणालीत नेता येतील अशा स्वरूपात मिळणार का? आज फुकट असलेल्या सोयीचाही भरवसा धरू नये; गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये शंभर टेराबाइटपर्यंत मर्यादित केली. कॅमेऱ्यातून चेहरे टिपून लक्ष मोजणाऱ्या आलेखाबाबत मी तर स्पष्ट नकार देईन. खाली मान घालून टिपणे काढणारी मुलगी त्या कॅमेऱ्याला बेसावधच दिसायची! शिवाय चेहऱ्याची माहिती गोळा करायची, तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती कोणी आणि कशासाठी घेतली, हे विचारले जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा असेल, तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपले स्वतःचे ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले होते, हे समितीपुढे ठेवावे.

उत्तर ३ (सहायक प्राध्यापक, इंदूर)

मुले आणि करार यांवर चर्चा झाली, शिकवणाऱ्याच्या वेळेवर नाही. प्रश्नपेढी तयार करणे हे महिन्यांचे काम आहे आणि ते कार्यभारात धरले जात नाही. मग पहिल्या सत्राचा उत्साह ओसरला की सगळे पुन्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पीडीएफ टाकू लागतात. म्हणून एकच विषय, एकच सत्र आणि दोन प्राध्यापक घेऊन आधी चाचपणी करावी, ज्यांतला एक तरी या प्रकाराला नाखूश असलेला असावा. त्याला दर आठवड्याला दोन तास मोकळे द्यावेत. प्राचार्य तेवढे द्यायला तयार नसतील, तर खरेदीचा प्रस्ताव पुढच्या वर्षावर टाकलेला बरा.