सुट्टीतले हस्तकाम : मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंचे अनुभव

नौपाडा, ठाणे (आवाहन आणि पहिला अनुभव)

पहिली ते चौथीतल्या मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत काय काय केले, याचे अनुभव येथे एकत्र करावेत अशी विनंती आहे. अट एकच आहे, ती म्हणजे वस्तू मुलाने केलेली असावी. विकतच्या तयार संचात सगळे भाग आधीच कापलेले असतात आणि मुलाच्या वाट्याला केवळ चिकटवणे उरते, म्हणून ते संच वगळावेत. फसलेले प्रयोग मात्र अवश्य लिहावेत.

आमच्याकडे सुट्टीची सुरुवात जुन्या वह्यांपासून होते. वर्ष संपले तरी प्रत्येक वहीत दहा-पंधरा कोरी पाने शिल्लक असतात. या वह्यांना मध्यभागी पिना असल्यामुळे शेवटचे कोरे पान पहिल्या लिहिलेल्या पानाला जोडलेले असते, त्यामुळे जोडपाने मिळत नाहीत, सुटी पानेच हाती येतात आणि ती कडेनेच शिवावी लागतात. गेल्या वर्षी माझ्या तिसरीतल्या मुलीने चाळीस पाने मोजून, टेबलावर ठोकून एकसारखी केली आणि डाव्या कडेपासून एक सेंटीमीटर आत पट्टीने रेघ मारली. दाभणाने तीन भोके मी पाडली. पुढची शिलाई तिची होती : मधल्या भोकातून मागून पुढे दोरा काढायचा, वरच्या भोकातून मागे न्यायचा, मागच्या मागे थेट खालच्या भोकातून पुढे आणायचा, पुन्हा मधल्या भोकातून मागे नेऊन गाठ मारायची. पहिल्या दोन वह्यांत दोरा सैल राहिला आणि पाने डुगडुगू लागली. तिसऱ्या वहीच्या वेळी प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढून घ्यायचा हे तिचे तिलाच उमगले.

पुठ्ठा आलेल्या पार्सलच्या खोक्याचा आणि त्यावरचा कागद जुन्या दिनदर्शिकेचा होता. चिकटवायला मैद्याची खळ केली. वाटीभर थंड पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळला की ती तयार होते. पूर्वी बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे, ते मुलांच्या हाती कधीही देऊ नये. त्याऐवजी खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी. बांधलेली वही रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवली नाही, तर वाळताना पुठ्ठा वाकतो. त्या सुट्टीत सहा वह्या झाल्या आणि शाळा सुरू झाल्यावर पाढ्यांसाठी त्याच वापरल्या गेल्या.

सीवूड्स, नवी मुंबई (पहिली आणि चौथीतल्या दोन मुलांचे वडील)

आमच्या घराजवळच्या पाणथळीत मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी दिसतात. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून मुलांच्या शाळेतही या पक्ष्यांविषयी बोलले जाते. म्हणून दोघांनी कागदाचे रोहित करायचे ठरवले. वर्तमानपत्राचा बोळा दोऱ्याने आवळून धड केले, कागदाची घट्ट सुरळी वाकवून मान केली, हिराच्या झाडूच्या काड्यांचे पाय केले आणि सगळ्यावर खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे तीन थर दिले.

पक्षी दिसायला चांगला झाला, परंतु उभा राहिला नाही. धड जड आणि पाय काडीचे, त्यामुळे तो दर वेळी चोचीवर आपटत होता. मी मदतीला पुढे झालो तेव्हा थोरल्याने मला थांबवले आणि आपण पुन्हा पाणथळीवर जाऊन पाहू असे सुचवले. तेथे दुर्बिणीतून पाहताना त्याच्या लक्षात आले, की पक्षी एका पायावर उभा असतो तेव्हा तो पाय बरोबर अंगाच्या मधोमध खाली येतो. घरी आल्यावर त्याने पाय मागून काढून मध्यभागी खोचले, काड्या दोन-दोन एकत्र बांधल्या आणि त्यांची टोके माती भरलेल्या करवंटीत रोवली. पक्षी उभा राहिला.

त्याच भेटीत धाकटीने पाय उलटा का वाकतो, असे विचारले. जो गुडघा वाटतो तो खरे तर घोटा असतो आणि गुडघा वर पिसांत झाकलेला असतो, हे मलाही तेव्हाच वाचून कळले. रंगाच्या बाबतीत तिने एक पिल्लू राखाडी रंगवायचा हट्ट धरला, आणि तो योग्यच होता. या पक्ष्यांची पिल्ले राखाडी असतात, आणि शेवाळ व पाण्यातले बारीक जीव खाऊन त्यांतील रंगद्रव्यामुळे पुढे गुलाबी होतात. या कामाला नऊ दिवस लागले. खाडीच्या दमट हवेत प्रत्येक थर वाळायला दीड दिवस जातो, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

कळवा, ठाणे (आजी)

रायवळ आंब्याची कोय टाकू नये. चोखून झाल्यावर ती घासून धुवावी, चार दिवस कडक उन्हात वाळवावी आणि जुन्या दातघासणीने तिचे केस विंचरावेत. त्यावर डोळे रंगवले की दाढीवाले म्हातारबाबा तयार होतात. हापूसच्या कोयीला इतके केस नसतात. नीट न वाळवलेल्या कोयीला बुरशी येते आणि मुंग्याही लागतात, एवढीच काळजी घ्यावी. माझ्या पहिलीतल्या नातवाने असे अकरा म्हातारबाबा केले आणि प्रत्येकाला वेगळे नाव ठेवले.

पाचपाखाडी, ठाणे (दुसरीतल्या मुलाची आई)

16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला आली. तिला चौदा डबे होते आणि ती साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. हे ऐकल्यावर मुलाने काडेपेट्यांची गाडी करायचे ठरवले आणि डबे चौदाच हवेत, एकही कमी चालणार नाही, असे जाहीर केले. आता स्वयंपाकघरात लायटर असतो आणि काडेपेटी देवघरापुरती उरली आहे, त्यामुळे चौदा रिकाम्या काडेपेट्या मिळवणे हेच या प्रकल्पातले सर्वांत अवघड काम ठरले. तो इमारतीच्या चारही मजल्यांवर गेला, रिकामी पेटी झाली की ठेवा असे सांगून आला, आणि दर दोन दिवसांनी आठवण करून देत राहिला. पेट्या जमायला महिना लागला. तोवर शेजारच्या आजोबांनी त्याला कोळशाच्या इंजिनाच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा त्याने इंजिनाच्या धुराड्याला कापूस लावला.

चाकांना शर्टाची जुनी बटणे लावली. डबे जोडताना आधी गोंद वापरला, पण मग गाडी वळेना. नंतर प्रत्येक दोन डब्यांमध्ये बोटभर दोरा ठेवला. कागदाचे वेष्टन त्याने स्वतः कापले आणि ते काही ठिकाणी तिरके आहे. पाहुण्यांपैकी कोणी ते सरळ करून देऊ का असे विचारले की तो नको म्हणतो.

खारघर, नवी मुंबई (चौथीच्या वर्गाला शिकवणारी शिक्षिका)

वारली चित्रे सुट्टीत बरीच मुले काढतात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर ती उभी असल्यामुळे लहान मुलांना ती जमतात, आणि दोन त्रिकोणांची टोके जुळवून माणूस उभा राहतो तेव्हा त्यांना फार आनंद होतो. पुठ्ठ्याला गेरू लावून वर पांढरा पोस्टर रंग वापरावा. मूळ तांदळाच्या पिठाचा रंग करून पाहण्यासारखा आहे, पण त्यात डिंक नसेल तर तो वाळल्यावर गळून पडतो.

माझे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. मुलांना छापील नमुना उतरवायला देऊ नये, त्यांना स्वतःच्या आसपासचे काढू द्यावे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने पाण्याचा टँकर आणि त्याभोवती बादल्या घेतलेली माणसे काढली होती, ते चित्र मी अजून जपले आहे. दुसरे असे, की पालघट देवीचा लग्नचौक हे वारली समाजाच्या लग्नातले पवित्र चित्र आहे. ते चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकतीवर काढू नये, आणि तसे का, हेही मुलांना सांगावे. जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ही माहिती मुलांना त्याच वेळी देता येते.

ऐरोली, नवी मुंबई (तिसरीतल्या मुलीचे बाबा)

आम्ही पिंपळाच्या पानाची जाळी केली. पान पाण्यात तीन आठवडे भिजवावे, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे आणि मऊ ब्रशने गर अलगद काढावा. भांड्यावर घट्ट झाकण हवेच, कारण उघड्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. आमची पहिली चार पाने घाईने घासल्यामुळे फाटली. पाचवे आता तिच्या पुस्तकात आहे.

घणसोली, नवी मुंबई (आई)

कळव्याच्या आजींना एक विचारायचे आहे. आम्ही कागदाच्या लगद्याची वाटी केली होती, परंतु ती स्टीलच्या वाटीला अशी चिकटली की काढताना तुटली आणि मुलगी रडली. पुन्हा करायची आहे. काय चुकले असावे?

कळवा, ठाणे (आजी)

वाटी पालथी घालून तिला आधी ओले जुने सुती कापड गुंडाळा आणि मग लगदा थापा. कागद कापून भिजवला असेल तर या वेळी हाताने फाडून भिजवा, फाडलेल्या कडेचे तंतू एकमेकांत चांगले गुंततात. रात्रभर भिजलेला लगदा पिळून त्यात मूठभर मेथीची पूड मळा, त्यामुळे तो धरून राहतो आणि कीडही लागत नाही. पहिला दिवस सावलीत ठेवा, नाहीतर तडे जातील. दुसऱ्या दिवशी ऊन द्या आणि वरून कोरडी वाटली तरी लगेच काढू नका. चौथ्या दिवशी कडेला बोटाने टकटक करून पाहा, आवाज खणखणीत आला की कापडासकट सोडवा. वाटी मुलीलाच सोडवू द्या.