प्रतिसाद: झोपेपलीकडचे दुष्परिणाम

आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या देताना रुग्णाला काय सांगावे, या चर्चेत ‘गोळीने झोप येईल, गाडी चालवू नका, एवढे सांगितले की पुरे’ असे मत मांडले गेले; ते मला अपुरे वाटते. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलकडे केळीचे घड वाहून कंबर धरलेला मजूर बहुधा गाडी चालवतच नाही. तो रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटर सुरू करण्यासाठी अंधारात विहिरीवर जातो, आणि गुंगीचा धोका त्याला तिथे आहे. शिवाय टिझॅनिडिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने रक्तदाबही उतरतो, त्यामुळे खाटेवरून एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडू शकतो. आधी उठून बसावे, मग सावकाश उभे राहावे, आणि दारू कटाक्षाने टाळावी, हे स्पष्ट सांगायला हवे. सांगितलेले रुग्णाकडून त्याच्याच बोलीत, मग ती अहिराणी असो वा लेवा, परत वदवून घेतले की काय पोहोचले आणि काय राहिले ते लगेच कळते.

चर्चेत न आलेली, पण माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) आहे. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी लोक ही गोळी दुकानातून परस्पर आणतात. ती टिझॅनिडिनसोबत घेतल्यास टिझॅनिडिनचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते, म्हणून ही दोन औषधे एकत्र देऊच नयेत. बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाची अडचण वेगळी, ते थांबवण्याची आहे: बरे वाटले म्हणून ते अचानक बंद केल्यास झटके किंवा भास होऊ शकतात, त्यामुळे त्याची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागते.