मदत हवी आहे: वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण नेट अधूनमधून गायब (जुनं घर, दोन राउटर)

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. बडोदा, दांडिया बाजार. जुनं घर, तळमजला आणि वर दोन मजले, भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरचा डबा तळमजल्यावर बैठकीत आहे, खालचं वाय-फाय त्यातूनच येतं. प्लॅन २०० एमबीपीएसचा. वर सिग्नल पोचत नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावर जुना राउटर लावला आहे. खालून वर कॅट ५ई केबल, अंदाजे ३० मीटर, त्यातली निम्मी बाहेरून पन्हळीच्या पाइपाला बांधून अगाशीपर्यंत. दोन वर्षं काही तक्रार नव्हती.

गेले दोन आठवडे लॅपटॉपवर मधूनच "कनेक्टेड, नो इंटरनेट" येतं. त्याच वेळी मोबाइल नीट चालतो. कधी याच्या उलट. वरच होतं असंही नाही, खाली बैठकीतही होतं. सगळं बंद करून चालू केलं की कधी जमतं, कधी नाही. कंपनीचा माणूस येऊन "लाइन ओके आहे, राउटर नवा घ्या" सांगून गेला. शिवाय नेट चालू असतानाही वर वेग ९३-९४ च्या पुढे जात नाही, खाली मात्र १९० मिळतो. नवा राउटर घ्यायच्या आधी इथे विचारते.

झटपट

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. नाही झालं तर विंडोजमध्ये नेटवर्क रीसेट. दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

पिंगवाला

ताई, अजून काही बदलू नका. नेटवर्क रीसेट तर मुळीच नको, त्याने लॅपटॉपमध्ये साठवलेले सगळ्या वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात आणि पुरावाही जातो. एक उपकरण चालतं आणि शेजारचं चालत नाही, म्हणजे लाइन आणि डबा दोन्ही ठीक. घोळ घराच्या आत आहे.

नेट गेलेलं असेल त्याच क्षणी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग /ऑल" द्या. चार ओळी उतरवून घ्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (लॅपटॉपचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (नेटकडे जायचं दार), डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना पत्ते वाटणारा), डीएनएस सर्व्हर. मग "पिंग ८.८.८.८" करा (बाहेरून उत्तर येतं का ते कळतं) आणि उत्तर शब्दशः लिहा. "टाइम्ड आउट" वेगळं आणि "अनरीचेबल" वेगळं. पिंग लागला पण साइट उघडत नाही, तर डीएनएस. पिंगच लागत नाही, तर डीएनएसचा काही संबंध नाही. नेट चालू असताना पुन्हा त्याच चार ओळी घ्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मं काम झालं.

आणि डब्याच्या पानावर, बहुतेक १९२.१६८.१.१, ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलचा जोर) किती दाखवतो तेही बघा.

सुरसागरकाठी

नेट गेलेलं असताना:
आयपी १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१, डीएनएस १९२.१६८.०.१
पिंग: "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.१: डेस्टिनेशन नेट अनरीचेबल"

नेट चालू असताना:
आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१, डीएनएसही तोच. पिंग लागतो, ६ ते ९ मिलिसेकंद.

आरएक्स पॉवर −२१.४ डीबीएम.

पिंगवाला

सापडलं. −२१.४ उत्तम आहे. घरगुती जीपीओएन (फायबरच्या) डब्याला साधारण −८ ते −२७ चालतं; −२७ च्या खाली घसरला असता तर तक्रार करायची. तेव्हा लाइनबद्दल तो माणूस खरं बोलला, राउटरबद्दल मात्र उगाच खर्चात पाडत होता.

तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोघे झाले आहेत. १९२.१६८.१.१ हा खालचा डबा. १९२.१६८.०.१ हा वरचा जुना राउटर. दोघेही एकाच तारेवर आहेत, म्हणून कुठलंही उपकरण "मला पत्ता द्या" असा पुकारा करतं तेव्हा तो दोघांनाही ऐकू जातो, आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेतला जातो. डब्याने दिला तर नेट चालतं. वरच्याने दिला तर तो स्वतःलाच गेटवे म्हणून सांगतो, आणि त्याच्या वॅन पोर्टात (जिथून तो बाहेरचं नेट घेतो) काहीच लावलेलं नाही. म्हणून अनरीचेबलचं उत्तर त्याच्याकडूनच आलं. खाली बैठकीत बसूनही हे होतं ते याच कारणाने. सगळं बंद करून चालू केलं की वरचा राउटर मिनिटभरात उठतो, फायबरचा डबा दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात वरची उपकरणं चुकीच्या माणसाकडून पत्ता घेऊन बसतात.

एक प्रश्न. दोन वर्षं चाललं, म्हणजे लावणाऱ्याने वरच्याचं डीएचसीपी बंद केलं होतं. ते आपोआप चालू होत नाही. दोन आठवड्यांपूर्वी वरच्या राउटरचं मागचं बटण कुणी दाबून धरलं का? वाय-फायचं नाव बदललं होतं का?

सुरसागरकाठी

हो! पुतण्याने टाचणीने दाबलं होतं, पासवर्ड विसरला म्हणून. नंतर नाव-पासवर्ड पूर्वीसारखे करून ठेवले, म्हणून मला त्याचा संशयच आला नाही. आता काय करू? केबल निळ्या वॅन पोर्टात घातली तर चालेल का?

झटपट

चालेल. वॅनमध्ये घाला, दोन मिनिटांचं काम.

पिंगवाला

नेट चालेल, हे खरं. वरचा ०.x वर आणि खालचा १.x वर, त्यामुळे भांडण होणार नाही. (दोन्ही १.x वर असते तर वॅनमध्ये घालूनही चाललं नसतं.) पण मग घराची दोन वेगळी नेटवर्कं होतात. खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला आपोआप सापडणार नाही, वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर चित्र टाकता येणार नाही. आजची रात्र काढायला ठीक, कायमचं नको.

नीट करायचं तर असं. वरच्या राउटरमधून खालून आलेली केबल काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि छोट्या तारेने तो राउटरच्या लॅन पोर्टाला (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टाला) जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. मेनूत "ॲक्सेस पॉइंट मोड" असेल तर तेवढं निवडा, बाकी तो स्वतः करतो. जुन्यात बहुधा नसतं. मग हाताने: आधी लॅन सेटिंगमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो रीस्टार्ट होईल. आता १९२.१६८.१.२ उघडून डीएचसीपी डिसेबल करा, सेव्ह करा. हा क्रम उलटा केलात तर मधेच लॅपटॉपला पत्ता मिळेनासा होतो, १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी आकडा दिसतो आणि राउटरचं पान उघडत नाही. घाबरण्यासारखं नाही, पण हाताने पत्ता टाकायचा उपद्व्याप वाढतो.

तसंच खालच्या डब्यात डीएचसीपीची सुरुवात कुठून आहे ते बघा. १.२ पासून असेल तर १.१० पासून करा, नाहीतर एखाद्या दिवशी डबा १.२ हाच पत्ता कुठल्या तरी मोबाइलला देऊन टाकेल.

शेवटी खालची केबल वरच्या राउटरच्या लॅन पोर्टात. वॅन रिकामं. लॅपटॉपवर "आयपीकॉन्फिग /रिलीज" आणि मग "आयपीकॉन्फिग /रिन्यू". मोबाइलवर वाय-फाय बंद-चालू. ज्या उपकरणाकडे हात पोचत नाही त्याचा जुना पत्ता मुदत संपली की सुटेल. बऱ्याच जुन्या राउटरांत ती १२० मिनिटांची असते.

जुना_मोडेम

तुमचं नशीब की दोघांचे पत्ते वेगळे होते. दोघेही १९२.१६८.१.१ वर असते तर आयपीकॉन्फिग दोन्ही वेळा सारखंच दिसलं असतं. तेव्हा "एआरपी -ए" करून १.१ समोरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघायचा. तो मधून मधून बदलत असला की दोन डबे एकाच नावावर बसलेत.

दोन्हीकडे वाय-फायचं नाव-पासवर्ड एकच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झवर खालच्याला चॅनेल १ आणि वरच्याला ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटो आणि ४० ठेवू नका. दांडिया बाजारात शेजाऱ्यांचीच वीस-पंचवीस नेटवर्कं दिसत असतील, त्यात ४० म्हणजे बोळात बैलगाडी आडवी घालणं.

क्रिम्पर

वेगाचं कोडं राहिलं. ९३-९४ हा आकडा ओळखीचा आहे: १०० च्या लिंकमधून हेडर (प्रत्येक पाकिटावरचे पत्ते) वगैरे वजा जाता एवढंच उरतं. म्हणजे वाटेत कुठेतरी लिंक १००० ऐवजी १०० ला लागली आहे. संशयित तीन: वरच्या राउटरचा पोर्ट, केबल, खालच्या डब्याचा पोर्ट. बऱ्याच डब्यांत चारही पोर्ट गिगाबिट नसतात, फक्त लॅन १ असतो. आधी लॅपटॉप आखूड तारेने लॅन १ ला लावून लिंक स्पीड बघा. मग तीच लांब केबल लॅन १ ला लावून वरच्या टोकाला लॅपटॉप थेट जोडा, राउटर मध्ये न घेता.

सुरसागरकाठी

डीएचसीपीचं केलं. काल संध्याकाळपासून सगळ्या उपकरणांना १.x चे पत्ते, एकदाही नेट गेलं नाही. प्रिंटरही सापडतो. पिंगवाला, मनापासून धन्यवाद.

वेग: आखूड तारेने लॅन १ वर १०००/१०००. लांब केबलने, राउटर न घेता, १००/१००. केबल आधी लॅन ३ मध्ये होती, आता १ मध्ये घातली तरी १००.

क्रिम्पर

म्हणजे केबल. १०० ला दोन जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६, म्हणजे नारिंगी आणि हिरवी. १००० ला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली की लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आधी दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे बसवा, दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. प्लग उभा धरून केबल खाली, क्लिप पलीकडे आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे ठेवल्या की डावीकडून क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याची जोडी येते, तिथेच लोक चुकतात. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत चिमटलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. मग टेस्टर लावा, आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

कापताना तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. ती दोनदा वाकवली की तुटते. मग नवे प्लग लावण्यात वेळ घालवू नका, शुद्ध तांब्याची केबल टाका, बाहेरच्या भागासाठी काळ्या आवरणाची. साधं राखाडी पीव्हीसी उन्हाने तडकतं आणि पावसाचं पाणी आत शिरतं. अगाशीवरचा तुकडा विशेष बघा. उत्तरायणात मांजा अडकला की माणसं केबल बघत नाहीत, ओढतात.

मांडवी

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. माझ्याकडे सगळं चालतं, फक्त दोन-तीन साइट अर्धवट उघडून अडकतात. मोबाइल डेटावर उघडतात.

पिंगवाला

पुढच्या वेळी वेगळा धागा काढा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणारं कनेक्शन) आहे का? "पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८" जातो आणि १४७२ ला "नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड" येतं का बघा. तसं असेल तर तारेवर १४९२ चंच पाकीट मावतं, कारण पीपीपीओई स्वतःची ८ बाइट खातो. राउटरच्या वॅनमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० असेल तर १४९२ करा. तरीही अडलं तर १४८०.

सुरसागरकाठी

वरच्या टोकाच्या प्लगात तपकिरी तार तुटलेली निघाली. तार आतून तांब्याचीच आहे. नवा प्लग बसवला, लॅपटॉपला थेट १००० मिळाली, वेग १९२. पण राउटर मध्ये आला की पुन्हा ९४.

क्रिम्पर

मग त्या राउटरचे पोर्टच १०० चे आहेत, खाली चिकटवलेल्या कागदावर "१०/१००" लिहिलेलं असेल. केबल आणि राउटर, दोघेही एकाच आकड्यावर अडकवत होते म्हणून एक दुरुस्त होऊनही फरक दिसला नाही. ९४ पुरत असेल तर राहू द्या. वरचा संगणक तारेने जोडायचा असेल तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या: केबल स्विचला, संगणक स्विचला, राउटरही स्विचला. फक्त स्विचच्या दोन पोर्टांत एकाच तारेची दोन टोकं घालू नका. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि घरभर नेट बंद.

सुरसागरकाठी

स्विच घेते. शेवटचं: वीज गेल्यावर चालावा म्हणून वरच्यालाही खालच्यासारखा मिनी यूपीएस लावायचा आहे. पिन बसते. चालेल?

जुना_मोडेम

पिन बसते यावर जाऊ नका. राउटरच्या मूळ ॲडॅप्टरवर काय लिहिलंय? असे जुने राउटर कितीतरी ९ व्होल्ट ०.६ अँपिअरचे असतात, आणि यूपीएसची मुख्य वायर १२ व्होल्टची. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात. पिनच्या चित्रात मधला ठिपका धन आहे ना तेही दोन्हीकडे जुळवा. ९ व्होल्टचं वेगळं तोंड असलेला यूपीएस मिळतो, तो मागा. आणि राउटरच्या मागच्या त्या भोकावर चिकटपट्टी लावा.

सुरसागरकाठी

९ व्होल्ट ०.६ च आहे. बरं झालं विचारलं. चिकटपट्टी लावली.