मदत हवी आहे: दहा दिवसांचं पिण्याचं पाणी साठवतो, सहाव्या दिवशी वास येतो

तिफण
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नळाला आठ-दहा दिवसांनी तासभर पाणी येतं. घरात पाच माणसं, त्यात एक लहान मूल आणि एक आजी. सध्याची सोय: २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम (अंगणात, दुपारी ऊन येतं), आरओचं पाणी भरून ठेवलेले २० लिटरचे पाच जार आणि एक माठ.

अडचणी अशा: पाचव्या-सहाव्या दिवशी ड्रमच्या पाण्याला वास येतो, आत हात लावला तर बुळबुळीत लागतं. मागच्या आठवड्यात वळवळणारे किडे दिसले. जारमधल्या पाण्यालाही कुबट वास येतो, हे तर कळतच नाही, ते तर शुद्ध केलेलं पाणी. आणि माठ दोन वर्षांचा आहे, पाणी गार होत नाही.

किती साठवावं, कशात, आणि दहा दिवस टिकवायचं कसं?

गाळणी
आधी जारचं, कारण चूक तिथेच आहे. आरओचं पाणी साठवायचं नसतं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं, तेच त्याला साठवणीत राखतं. आरओ मशीनमधला कार्बन फिल्टर पाणी गाळणाऱ्या पडद्याआधीच ते काढून टाकतो. पुढे जारच्या तोंडावरून, झाकणावरून, हवेतून जे जंतू पडतात त्यांना अडवायला पाण्यात काहीच उरत नाही. चाळीस अंशाच्या घरात दोन दिवसांत वास येणारच. तेव्हा उलटं करा: साठवा नळाचं पाणी, क्लोरीन घालून. आरओमधून काढा फक्त त्या दिवसापुरतं.

किती? मे महिन्यात पिण्याला माणशी ४ लिटर आणि स्वयंपाकाला ३ धरा. पाच माणसांचे रोजचे ३५, दहा दिवसांचे ३५०. पाणी दोन दिवस लांबलंच तर म्हणून ४२० ते ४५०. हे आरओ न लावता. लावलं तर साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, ते या हिशेबात बसत नाही, ते भांड्यांना किंवा फरशीला वापरा. पालिकेचं पाणी धरणाचं असेल आणि क्षार फार नसतील तर पिण्याला आरओची गरज आहे का, हे एकदा पाणी तपासून ठरवा.

सगळं एकाच भांड्यात नको. एक बिघडलं की सगळं ओतावं लागतं. १५० लिटरचे दोन ड्रम, तुमचेच पाच जार आणि रोजच्या वापराला तोटीची स्टीलची टाकी. ड्रमची तोटी बुडापासून चार बोटं वर बसवून घ्या, म्हणजे गाळ खाली राहतो.

निळा ड्रम कुठून घेतला? भंगारवाल्याकडचा असेल तर तो पिण्याला वापरू नका. त्यात आधी काय भरलं होतं ते कुणी सांगत नाही, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन धुऊन जात नाही. नवा घेताना अन्नासाठीचा आहे ना ते विचारा आणि बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा बघा. पांढरा, उजेड आरपार जाणारा ड्रम नको, शेवाळ धरतं. असेलच तर गोणपाट गुंडाळा. आणि काहीही झालं तरी उन्हात नको. माळ्यावरही नको: १५० लिटर म्हणजे दीड क्विंटल वजन.

ओगराळं
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. बुळबुळीत थराबद्दल लिहितो, कारण नुसतं विसळून तो जात नाही.

ड्रम रिकामा करून नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेची घासणी नको, तिने ओरखडे पडतात आणि बुळबुळ त्यातच पुन्हा धरते. मग निर्जंतुक करा:

ताज्या ब्लीचिंग पावडरचे ५ ग्रॅम (सपाट चहाचा एक चमचा, शक्यतो काट्यावर मोजा) प्लास्टिकच्या बाटलीत १ लिटर पाण्यात मिसळा, अर्धा तास निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी काढून घ्या. यातलं ३०० मिली १० लिटर पाण्यात घालून ड्रममध्ये ओता, ड्रम आडवा करून सगळ्या बाजूंना फिरवा, झाकणालाही लावा. अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा साध्या पाण्याने विसळा.

पिण्याच्या पाण्यालाही तेच द्रावण चालतं: दर लिटरला १ मिली, म्हणजे जारला २० मिली, १५० लिटरच्या ड्रमला १५० मिली. घातल्यावर अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. द्रावण त्याच दिवशी वापरा. उघडं पाकीट उन्हाळ्यात महिन्याभरात बरंच निकामी होतं, म्हणून लहान पाकीट घ्या. ॲसिडच्या किंवा संडास धुण्याच्या बाटलीजवळ हे काम करू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो. कपड्यांचं सुगंधी ब्लीच वेगळं, ते इथे नको.

मोजमापाचा कंटाळा असेल तर औषधाच्या दुकानात क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. २० लिटरची गोळी मागा, पाकिटावरचं प्रमाण वाचा. १५० लिटरला आठ.

चुळबुळ
ते वळवळणारे किडे म्हणजे डासांच्या अळ्या. एडिस डास, डेंग्यूचा. अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, आणि तुमचं पाणी दहा दिवसांनी येतं. म्हणजे दर खेपेला त्याचा एक पूर्ण फेरा होतोय. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, म्हणून ड्रम नुसता रिकामा करणं पुरत नाही, भिंत घासायलाच हवी. झाकणाखाली मलमलीचं फडकं ताणून दोरीने बांधा. गप्पी मासे आणि ॲबेट (अळ्या मारायचं औषध) वापराच्या पाण्यात ठीक, पिण्याच्या ड्रममध्ये नकोत.

अवांतर: नळ आला की 'शिळं झालं' म्हणून कालपर्यंतचं पाणी गटारात ओतायची पद्धत सोडा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर हेच. पाणी शिळं होत नाही, घाण होतं. बिघडलेलं नसेल तर धुण्याभांड्याला घ्या.

बाभूळ
माठ. छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं म्हणून तो गार होतो. तुमच्याकडच्या क्षारांनी दोन वर्षांत छिद्रं बुजली असणार. बाहेरून पांढरा थर आला असेल तर नक्कीच. घासून थोडा फरक पडतो, पण नवा घेणं बरं, दर उन्हाळ्याला एक. बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेला नको, तो दिसायलाच छान. नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी टाका. साबण कधी लावायचा नाही, माती साबण पिते. तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोंडलेला माठ गार होत नाही. पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या.

झुळूक
पाणी उकळून साठवलं तर? आणि तांब्याच्या हंड्यात?

गाळणी
उकळलेल्यालाही आरओचंच दुखणं: मागे राखण करणारं काही उरत नाही. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, झाकून ठेवा, चोवीस तासांत संपवा. बोअरच्या पाण्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर उकळल्याने ते आणखी दाट होतं, हे लक्षात असू द्या. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायला हरकत नाही, पण लिंबू, ताक त्यात नको. दहा दिवसांची साठवण हंड्यात करणं मात्र जमणारं नाही.

तिफण
सगळ्यांचे आभार. ड्रम भंगारवाल्याकडचाच होता, तो आता धुण्याच्या पाण्याला. नवे दोन आणले. आज पाणी आलं, नळ सुटताच भरलं, गोळ्या घातल्या, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात थेंब घालून रंगावरून क्लोरीन उरलंय का ते बघायची) केली तर पिवळा रंग आलाच नाही. पाणी किंचित गढूळ आहे. गोळ्या जुन्या असतील का?

ओगराळं
गोळ्यांपेक्षा गढूळपणाचा संशय जास्त. मातीने आणि कुजक्या पदार्थांनी सगळं क्लोरीन खाल्लं. अधूनमधून चालणाऱ्या नळाचं पहिलं पाणी नेहमी असंच येतं: लाईन रिकामी असताना फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत येते. पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं वापराच्या टाकीत सोडा. लाईनवर थेट मोटर लावत असाल तर बंद करा, ती तीच घाण जास्त ओढते.

आजच्या पाण्याला आधी तुरटी. २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला ४ ते ७ ग्रॅम पूड तांब्याभर पाण्यात विरघळवून घाला, मिनिटभर ढवळा, चार-पाच तास हलवू नका. निवळलेलं पाणी तोटीने चौपदरी सुती कापडातून दुसऱ्या ड्रममध्ये घ्या. मग पुन्हा क्लोरीन, पुन्हा अर्धा तास, पुन्हा टेस्ट. फिका पिवळा यायला हवा. नारिंगी आला तर जास्त झालं, झाकण काढून फडकं बांधून रात्रभर ठेवा. टेस्टचं पाणी पिऊ नका, फेकून द्या. पाचव्या दिवशी परत टेस्ट करा, रंग नसेल तर निम्मा डोस.

तिफण
आजीला क्लोरीनचा वास चालत नाही. माठातच कमी घालू का?

बाभूळ
माठात घालूच नका. डोस ड्रममध्येच पूर्ण द्या आणि आदल्या संध्याकाळी माठ भरून ठेवा. सकाळपर्यंत वास जातो. त्या पाण्यात राखणही उरत नाही, म्हणून माठ रोज संपवायचा, दोन दिवसांनी रिकामा करून हाताने चोळून विसळायचा. वाळ्याची जुडी टाकलीत तर तीही दर दोन-तीन दिवसांनी काढून वाळवा.