कॉन्झर्व्हेटरीच्या यूपीव्हीसी दाराचं हँडल : स्प्रिंगवालं घेऊ की साधं?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणी हे काम घरी केलंय का? मदत हवी आहे.

कॉन्झर्व्हेटरीला (घराला जोडलेली काचेची खोली) पांढऱ्या यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) दोन झडपांचं दार आहे. कुलूपवाल्या झडपेचं हँडल दोन्ही बाजूंनी खाली लोंबतं. हाताने आडवं धरून ठेवलं तरच किल्ली फिरते. आतले दोन स्क्रू काढून हँडल सोडवलं आणि मापं घेतली: चौकोनी दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंत ९२ मिमी, स्क्रूंमधलं अंतर २१५ मिमी, दांडा ८ मिमी जाडीचा. हँडलची पट्टी ३० मिमीपेक्षा रुंद चालणार नाही, काचेच्या कडेची बीडिंग आड येते.

स्क्रू आवळून झाले, सिलिकॉन स्प्रेही मारला, फरक शून्य. दार उघडं ठेवून हँडल वर उचललं की हुक व्यवस्थित बाहेर येतात, म्हणजे आतली यंत्रणा अडकलेली नाही. पण नुसता दांडा पकडीने फिरवून सोडला तर तो जागेवर परत येत नाही, आणि काढलेल्या हँडलमध्ये तर स्प्रिंगच दिसत नाही! दाराच्या कडेतल्या लॉकच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव पुसलं गेलंय. लॉकस्मिथ लॉकची ही अख्खी पट्टी बदला म्हणतो (ते म्हणणारच). घर स्वतःचं आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही.

तर गिअरबॉक्समधली (लॉकचा जो भाग दांडा फिरवतो त्यातली) स्प्रिंग गेली असेल, पण बाकी सगळं चालत असेल, तर याच मापाचं स्प्रिंगवालं हँडल लावून भागेल का? की त्याने गिअरबॉक्सवर ताण येऊन तो लवकर जाईल?